पट्टा काढलेली रात्र

१

मल्हाररावांचे पाय रात्री झोपत नसत. मल्हारराव झोपायला तयार, बायको तयार, गादी तर संध्याकाळपासून अंथरून तयार. पाय तेवढे म्हणत, आम्ही नाही. दिवा मालवून पांघरूण घेतलं की पाचव्या मिनिटाला पिंढरीच्या आत कुठेतरी सुरू व्हायचं. कळ म्हणावी तर कळ नाही, मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नाहीत, गोळा तर मुळीच नाही. हाडाच्या आतून कुणीतरी दोरा ओढतंय आणि रीळ काही संपत नाही, अशी काहीतरी ती भानगड. पाय हलवला की बरं वाटे, थांबवला की पुन्हा सुरू. म्हणजे बरं वाटायला हवं तर हलत राहा, आणि झोपायचं असेल तर हलू नका. आता माणसाने करायचं तरी काय?

याचं मूळ मोटारीत आहे, असं मल्हाररावांचं ठाम मत होतं. चिकपेटेतल्या एका बोळात त्यांचं शिंपीकामाचं दुकान. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, जिना चढून गेलं की वर आणखी एक खोली. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पूर्वज फौजेबरोबर तंबू शिवत बंगळूरला आला आणि इथलाच झाला. घरात मराठी, बोळात कन्नड आणि भांडायला दोन्ही. चाळीस वर्षं मल्हाररावांनी पायाच्या मशीनवर कोट शिवले. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाला, गिरीराजला, शाळांच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं आणि त्याने दुकानातल्या मशीनींना मोटारी बसवून टाकल्या. "अण्णा, आता पाय मारायला नकोत. अंगठ्याने स्वल्प दाबलं की झालं," तो म्हणाला. मल्हारराव म्हणाले, सरी, ठीक आहे. रुसून बसणाऱ्यांतले ते नव्हतेच. नवं काही आलं की त्यांना उलट मौज वाटायची. पण चाळीस वर्षं राबलेल्या पायांना कुणी विचारलं नव्हतं.

बळेपेटेतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लोह कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि संध्याकाळनंतरची कॉफी तोडली. हा खराखुरा आजार आहे, याला नाव आहे, तुम्हाला वेड लागलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यातलं शेवटचं वाक्य मल्हाररावांनी घरी येऊन सगळ्यांना दोनदा ऐकवलं. सकवारबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तिळाचं तेल चोळलं, दृष्ट काढली, दोन्ही घोट्यांना काळा दोरा बांधला. पाय काही बधले नाहीत.

शेवटी श्रावणातल्या एका रात्री सकवारबाई लाथ लागून पलंगावरून खाली गेल्या. जमिनीवर बसून त्या इतक्या हसल्या की खालून मुलगी, भूमिका, काय झालं म्हणून विचारायला आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गादी गुंडाळली आणि खाली भूमिकाच्या खोलीत नेली. राग नव्हता. पण पहाटे साडेपाचला उठून सगळ्यांचं करायचं त्यांनाच होतं.

झोप गेल्याचं नव्हतं एवढं दुःख मल्हाररावांना याचं झालं. तेहतीस वर्षं दिवा मालवल्यावर दोघं बोलत पडायची. कोण काय म्हणालं, कुठल्या गिऱ्हाइकाचं पोट किती इंच वाढलं, गिरीराजला कशी मुलगी पाहावी. बोलता बोलता सकवारबाई आपले बर्फासारखे गार पाय त्यांच्या नडगीला लावायच्या आणि तशाच झोपी जायच्या. ते सगळं थांबलं. आता मल्हारराव एकटे छताकडे बघत पडत आणि त्यांची एकच मागणी असे, की हे पाय एकदा गप्प बसू देत आणि ती परत वर येऊ दे.

२

दसरा महिनाभरावर आला तेव्हा गिरीराजने उरलेली एक जुनी मशीन शिवाजीनगरच्या भंगारवाल्याला द्यायची काढली. ती मल्हाररावांच्या वडिलांची, विठोजीरावांची. विठोजीरावांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. मल्हारराव म्हणाले, आधी मला द्या भंगारात, मग तिला. चौघांनी मिळून ती जिन्यावरून वर चढवली आणि खोलीत खिडकीपाशी ठेवली.

त्याच रात्री, पाय फारच छळायला लागले तेव्हा, मल्हारराव उठून तिच्यापुढे बसले. दिवा लावला नाही, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून तिरपा आत येत होता. त्यांनी दोन्ही तळवे पायडलवर ठेवले. लोखंड गार होतं. पण लगेच पाय मारले नाहीत, कारण विठोजीरावांची शिकवण. मशीन रिकामी चालवायची नाही, सुईखाली कापड पाहिजेच. आणि कापड संपायच्या एक बोट आधी पाय थांबला पाहिजे. हा नियम मोडला म्हणून लहानपणी मल्हाररावांच्या पाठीत लाकडी गजाचे दोन फटके बसले होते. विठोजीराव तसे कडक. कोळशाची इस्त्री पायावर पडून उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं झालं, तेव्हाही हातातली बाही पुरी केल्यावरच ते उठले होते.

तेव्हा मल्हाररावांनी कोटात घालायच्या कॅनव्हासची एक लांब पट्टी कापली आणि सुईखाली घातली. दोरा ओवला नाही, उगीच कशाला वाया घालवा. टाका अगदी बारीक ठेवला आणि मग पाय मारले.

अहाहा. दुसरा शब्द नाही. पिंढरीतला तो दोरा सैल पडत गेला, पडत गेला आणि अर्ध्या तासात नाहीसा झाला. पट्टीला बिनदोऱ्याची, भोकांची रांग पडत चालली होती. मल्हारराव अंधारात एकटेच हसत होते. शेवटी त्यांनी पाय उचलले आणि पलंगाकडे वळले.

मागे मशीन अजून चालू होती.

३

त्यात काही विशेष नव्हतं. चाक जड, त्याला वेग असतो, पाय उचलल्यावर चार-दोन फेऱ्या ते घेणारच. शिवाय दुपारीच तेल घातलं होतं. दुसऱ्या रात्री मल्हाररावांनी सहज मोजलं तर पाय उचलल्यावर पायडल नऊ वेळा हललं. तिसऱ्या रात्री एकवीस वेळा. तेल छान मुरलंय, असं ते मनाशी म्हणाले आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. चौथ्या रात्री त्यांनी मोजलं नाही.

कारण चौथ्या रात्री त्यांना झोप लागली. अशी झोप, की सकाळी दुधवाल्याने बोळ दणाणून सोडला तरी जाग नाही. उठले ते थेट आठला, तोंडभर जांभई देत. पाय हलके, पिंढऱ्या मऊ. खाली येऊन त्यांनी दोन वाट्या उप्पीट खाल्लं, तिसरी मागितली, आणि भूमिकाने टोकल्यावर तीही खाल्ली.

मग वर जाऊन ते पट्टी बदलायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वीस वार पट्टी होती. आपण अर्धा तास पाय मारले म्हणजे दीड वार, फार तर दोन. पण भोकांची रांग पार शेवटपर्यंत गेली होती. त्यांनी गळ्यातला टेप काढून मोजलं. शेवटचं भोक कडेच्या बरोबर एक बोट अलीकडे होतं.

मल्हारराव विचार करणारे गृहस्थ होते. त्यांनी विचार केला. उंदीर? उंदीर पायडल मारत नाहीत. भूमिकाची थट्टा? ती दहाला झोपली की सकाळी हाका मारून उठवावी लागते. म्हणजे आपणच झोपेत उठून बसलो असणार. माणसं झोपेत चालतात, तर झोपेत शिवायला काय हरकत आहे? हे त्यांना पटलं. दुपारी जेवताना त्यांनी भूमिकाला सहज विचारल्यासारखं विचारलं की रात्री मशीनचा त्रास होतो का ग.

भूमिका म्हणाली, उलट तिला त्या आवाजाने फार छान झोप लागते, अगदी लहानपणीसारखी. "रात्रभर चालते ना ती. पहाटे पाचाला थांबते."

"रात्रभर," मल्हारराव म्हणाले, आणि ताटातला भात कालवत राहिले.

४

पण झोप येत होती, हे कसं नाकारणार? रोज वीस वार पट्टी घालायची, थोडा वेळ पाय मारायचे, पलंगावर आडवं व्हायचं. मशीन चालू असायची आणि तिच्या आवाजात मल्हारराव गाढ झोपायचे. आठ दिवसांत त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली. ते काम करता करता गुणगुणायला लागले. बोळाच्या तोंडाशी फुलं विकणारा बसवंत म्हणाला, मल्लारण्णा, दुसरं लग्न ठरलं की काय. मल्हाररावांनी सकवारबाईंना बातमी दिली की पाय वळणावर आलेत, आता वर यायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, दसरा होऊ दे, मग बघू. पण म्हणताना हसल्या, आणि त्या हसण्यावर मल्हाररावांचे पुढचे दोन दिवस मजेत गेले.

खंडेनवमीच्या दोन रात्री आधी त्यांना मध्येच जाग आली.

मशीन चालू होती. ते उताणे पडले होते, डोक्याखाली उशी, हात छातीवर. म्हणजे झोपेत उठून शिवायला बसतो ही गोष्ट काही खरी नव्हे, कारण आपण इथे आहोत. त्यांनी मान वळवली. दिव्याचा तिरपा उजेड मशीनच्या पायथ्याशी पडला होता. पायडल खालीवर होत होतं. स्टूल रिकामं होतं. आणि पायडलच्या वर, घोट्याच्या उंचीवर, दोन काळे दोरे खालीवर होत होते.

दोऱ्यांच्या वर अंधार होता. मल्हाररावांनी त्या अंधाराकडे पाहिलं नाही. त्यांचा हात पांघरुणाखाली छातीवरून पोटावर गेला, पोटावरून मांडीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाने आपलं माप काही घेतलं नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटले. भीती वाटली, खूप वाटली. पण त्या भीतीच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट होती आणि ती कबूल करायला त्यांना लाज वाटली. पाय दुखत नव्हते, ओढत नव्हते, काही म्हणजे काही होत नव्हतं. असं सुख त्यांना कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

सकाळी पाय जागच्या जागी होते. त्यांनी बोटं हलवून बघितली. दहाच्या दहा हलली.

५

खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा, हा शिंप्याच्या घरचा खरा सण. सकाळपासून घर नुसतं उधाणलेलं होतं. गिरीराजने मशीनी पुसून लखलखीत केल्या, भूमिकाने प्रत्येकीला हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले. दुकानाच्या दाराला केळीचे खांब बांधले. कात्र्या मिटवून दोऱ्याने बांधल्या, गज, टेप, खडू, बोटात घालायचं अंगुस्तान सगळं देवापुढे मांडलं. आत कुंकू भरलेला कोहळा दारात फोडला आणि लाल पाणी पायरीवरून बोळात गेलं. बसवंत चुरमुऱ्यांचा प्रसाद घ्यायला तीनदा आला आणि तिन्ही वेळा, आपण पहिल्यांदाच आलो असं म्हणाला.

या दिवशी हत्याराने काम करायचं नाही आणि माणसाने करवून घ्यायचं नाही, अशी घराण्याची रीत. सवयीने कुणाचा पाय पडू नये म्हणून मशीनींचे पट्टे काढून ठेवत. गिरीराजने मोटारींचे प्लग काढले. मल्हारराव वर गेले, वडिलांच्या मशीनला कुंकू लावलं, हार घातला, सुईखालची पट्टी काढून घेतली आणि चाकावरचा चामडी पट्टा उतरवून, गुंडाळून, खाली देवापुढे नेऊन ठेवला. आयुष्यभर दर खंडेनवमीला हेच केलेलं. हाताने केलं, डोक्याने विचारच केला नाही. रात्रीचं काय, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. घरात एवढा आनंद असताना रात्र कुणाला आठवते?

रात्री जेवणं उशिरा झाली. होळिग्यांवर, म्हणजे इथल्या पुरणपोळ्यांवर, तुपाची धार, वर मसालेभात. मल्हारराव पोट धरूनच जिना चढले आणि पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागला.

६

जाग आली ती पायडलच्या आवाजाने. पण आवाज वेगळा होता. सुईचा नाही, वरच्या चाकाचा नाही. नुसतं लोखंड रिकामं हललं. एकदा. दोनदा. मग थांबलं.

पट्टा नाही, मल्हाररावांना एकदम आठवलं. कापडही नाही. रिकामी मशीन चालवणार नाहीत ते.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गार फरशीवर अनवाणी तळवा टेकल्याचा आवाज आला. मग दुसरा. पावलं खोलीतून दारापर्यंत गेली, दार कुरकुरलं, आणि मग जिना. एकेक पायरी, अजिबात घाई नाही, जेवण झाल्यावर फिरायला निघालेल्या माणसासारखी. खाली दुकानाच्या बाजूचं दार उघडलं गेलं. बोळात पावलं वाजली आणि बळेपेटेच्या दिशेने विरून गेली.

मल्हारराव गादीला खिळून होते. उठून मागे जाणं शक्य नव्हतं, का ते सांगायला नको. कुठे गेले असतील? मार्केटात? दसऱ्याच्या आदल्या रात्री फुलांचा बाजार रात्रभर भरतो, माणसांची ही गर्दी. त्या गर्दीत खाली कोण बघतं म्हणा. पण एखाद्या लॉरीखाली आले तर? वाट चुकले तर? उजाडायच्या आत आलेच नाहीत तर? सकाळी गिरीराज हाक मारेल, अण्णा, खाली या, बन्नीचं झाड पूजायला जायचंय.

इतक्यात जिना पुन्हा वाजला. त्यांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. बांगड्या वाजत होत्या.

सकवारबाई उशी काखेत घेऊन आत आल्या. "आज मशीनचा आवाज नाही," त्या अंधारात म्हणाल्या. "म्हटलं झोपले वाटतं शेवटी पाय." आणि पलंगाच्या आपल्या बाजूला, दोन महिन्यांनी, येऊन पडल्या.

याच क्षणासाठी मल्हाररावांनी किती रात्री छताला विनवलं होतं. आला तो नेमका आज. त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. दिवा लावू का, असं सकवारबाईंनी विचारलं तेव्हा ते इतक्या जोरात नको म्हणाले की स्वतःच दचकले. मग त्या बोलायला लागल्या. बसवंत तीनदा कसा आला, होळिग्यांना पुरण कसं बेतानं पुरलं, भूमिकाच्या मैत्रिणीची थोरली बहीण दिव्यश्री गिरीराजला शोभेल की नाही. मल्हारराव हं हं करत होते. ऐकता ऐकता भीती विसरून स्वतःही बोलायला लागले. आवाज तोच, अंधार तोच, मध्ये दोन महिने गेलेच नव्हते जणू.

आणि मग पांघरूण हललं. सकवारबाईंचे पाय सवयीने त्यांची नडगी शोधत येत होते.

मल्हाररावांनी श्वास धरला. पांघरुणाखालून पाय सरकत आले. आणखी थोडे आले. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. सकवारबाई बोलता बोलता थांबल्या. 

"फार पलीकडे झोपलात वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो," मल्हारराव म्हणाले.

सकवारबाईंनी पाय मागे घेतले. मग जरा वेळाने, जशाच्या तशा आवाजात, दिव्यश्रीच्या वडिलांचं चिकपेटेतच जरीचं दुकान आहे म्हणतात, अशी त्यांनी गोष्ट पुढे सुरू केली. मल्हारराव ऐकत राहिले. जागं राहायचं, काय वाटेल ते झालं तरी जागं राहायचं, असं घोकत घोकत ते झोपी गेले.

७

दसऱ्याच्या सकाळी ऊन खोलीत आलं होतं. मल्हाररावांनी आधी बोटं हलवली. होती. ते उठून बसले आणि त्यांनी तळवे बघितले. झेंडूच्या, शेवंतीच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, टाचेला कोहळ्याचं बी आणि कुंकवाचा लाल डाग. लोटाभर पाणी घेऊन ते घाईघाईने पाय धुवायला लागले, तोच सकवारबाई कॉफीचा पेला घेऊन दारात.

मल्हारराव म्हणाले, रात्री जरा गच्चीवर जाऊन आलो.

"उगीच गोष्टी रचू नका," सकवारबाई म्हणाल्या. त्यांनी कॉफी हातात दिली आणि समोर स्टुलावर बसल्या. पहाटे जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्या जाग्याच होत्या, असं त्यांनी सांगितलं. पावलं दारात येऊन थांबली, उंबऱ्याबाहेर, आत यावं की नाही अशी. हे घोरत पडलेले. गार पडले असतील बिचारे, असं सकवारबाईंच्या मनात आलं, म्हणून त्यांनी उठून पायथ्याचं पांघरूण वर धरलं. मग ते आले.

"काळे दोरे मीच बांधलेत," त्या म्हणाल्या. "मला ओळखू येणार नाहीत?"

 भीती नाही वाटली का, असं मल्हाररावांनी विचारलं.

"तुमच्या पायांची? तेहतीस वर्षं लाथा खाल्ल्यात मी त्यांच्या." त्या हसल्या. मग हसू थांबलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या खिडकीजवळच्या मशीनकडे बघत राहिल्या. कालचा हार अजून तिच्या गळ्यात होता.

"पण ते एकटे नव्हते आले," त्या म्हणाल्या. "मागून आणखी दोन होते. म्हातारे. उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं."

खाली गिरीराज मोटारीचे प्लग लावून बघत होता. एक मशीन घुर्र झाली आणि थांबली. मल्हाररावांनी पेला खाली ठेवला.

"नीट बघितलंस?"

"अकरा वर्षं दर सणाला त्या पायांवर डोकं ठेवलंय. नीट काय बघायचं?"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? डोक्यावरून पदर घेतला आणि बाजूला झाले."

ते म्हातारे पाय सावकाश मशीनपाशी गेले, असं त्यांनी सांगितलं. पायडलवर चढले नाहीत. पट्टा नव्हता, कापड नव्हतं, ते समोर नुसते उभे राहिले. खिडकी उजळायला लागली तोवर उभे होते. मग त्यांनी पाहिलं तेव्हा नव्हते. बावीस वर्षं कुठे हिंडत होते कुणास ठाऊक, असं म्हणताना सकवारबाईंचा आवाज जरा ओला झाला. शेवटी शेवटी मामंजी अंथरुणात रात्र रात्र पाय हलवायचे, आठवतं ना? आपल्याला वाटायचं, झोपेत शिवताहेत.

त्या उठल्या, पेला घेतला आणि दारात वळून म्हणाल्या, आज संध्याकाळी पट्टा तेवढा चढवा. आणि कापड जास्त ठेवा.

८

संध्याकाळी सगळे बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून आले, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, म्हणत बोळभर पायऱ्या चढून उतरून झाल्या. दिव्यश्रीच्या घरचेही पानं द्यायला आले आणि गिरीराजने त्यांना तीनदा कॉफी विचारली, तेव्हा भूमिकाला हसू आवरेना. मल्हारराव दमून वर आले. त्यांनी देवापुढचा पट्टा आणून चाकावर चढवला. कॅनव्हासचा नवाकोरा अख्खा गठ्ठा आणला होता, त्याचं टोक सुईखाली घातलं. टाका बारीक ठेवला. स्टूल पुसलं. मग स्टूल थोडं मागे सरकवलं, म्हाताऱ्या माणसाला बसायला पुरेल एवढं. आज त्यांनी स्वतः एकदाही पाय मारला नाही.

सकवारबाई गादी घेऊन वर आल्या आणि ती पलंगावर पसरली. दिवा मालवला. दोघं बोलत पडली. कॉफी तीनदा विचारण्यावरून पुष्कळ हसून झालं. बोलता बोलता बर्फासारखे गार पाय येऊन मल्हाररावांच्या नडगीला लागले. या वेळी नडगी होती. मल्हाररावांनी एक बोट हलवलं, मग दुसऱ्या पायाचं. दोन्ही पाय गादीवर, पांघरुणाखाली, उबदार, निजलेल्या लेकरांसारखे गप्प. पिंढरीत काही ओढत नव्हतं. मशीनवर पाय न मारता, उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

तेवढ्यात खिडकीपाशी स्टूल सरकलं. पायडल खाली गेलं, वर आलं, चाक फिरलं, आणि सुई एका लयीत कॅनव्हासवर पडायला लागली. मल्हारराव श्वास रोखून ऐकत राहिले. त्यांचे दोन्ही पाय इथे होते. सकवारबाईंच्या गार तळव्यांखाली, अगदी इथे.

"मामंजी बसले," सकवारबाई हळूच म्हणाल्या. अंधारात त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, आणि पाय होते तिथेच ठेवून झोपी गेल्या.